न पाहिलेला दगड

आमच्या शाळेत टीव्ही आला तेव्हा मी सातवीत होते. शहाद्याहून तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आला, गादीत गुंडाळून, आणि मोठे सर त्याला दोन्ही हातांनी कवटाळून ट्रॉलीत बसले होते. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. सबंध गावानं वर्गणी दिली होती, त्यामुळे टीव्हीवर हक्क सगळ्यांचा आणि किल्ली मात्र मोठ्या सरांची. लोखंडी कपाटात टीव्ही, त्याच्या डोक्यावर सीडीचं यंत्र आणि यंत्रावर सरांच्या घरून आलेला फुलाफुलांचा रुमाल. वीज असली की भूगोल आणि विज्ञान, वीज गेली की गणित, असं आमचं वेळापत्रक होतं. त्यामुळे गणितात आमचा वर्ग तालुक्यात पुढे होता, हे मी आजही गमतीनं सांगते.

वर्ग शिकवायला पावरा सर होते. नवीन होते, वयानं आमच्या थोरल्या भावाएवढे, सातपुड्यात काठी गावाच्या पलीकडे त्यांचं गाव. तीन वर्षांची कच्ची नोकरी, मग मोठ्या सरांचा अहवाल चांगला गेला तर पक्की. गावात त्यांना कोणी खोली दिली नव्हती. का दिली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. डोंगरातला माणूस पोरांना शिकवायला चालतो, पण ओट्यावर राहायला चालत नाही, असा आमच्या गावाचा शहाणपणा होता. म्हणून सर शाळेतच, टीव्हीच्या कपाटाशेजारच्या खोलीत राहत. मोठे सर म्हणायचे, टीव्हीला राखण झाली. मला तेव्हा ते वाक्य साधं वाटायचं. आता आठवलं की राग येतो, आणि येऊ देते.

त्या दिवशीची सीडी जमिनीच्या पोटाविषयी होती. गुळगुळीत आवाजाचा एक माणूस 'मुलांनो' म्हणून सुरुवात करायचा. पडद्यावर टोपी घातलेला गडी खड्डा खणू लागला. वर काळी माती, मग मुरूम, आणि खड्डा छातीइतका झाला की पहार टण्‌कन वाजली. 'कुठेही खणा,' आवाज म्हणाला, 'मातीखाली मुरूम आणि मुरुमाखाली कठीण खडक.' सगळा वर्ग सुरात म्हणाला, कठीण खडक. मी म्हटलं नाही. कारण त्याच सकाळी मी आमच्या वावरात अकरावा ढीग पाहून शाळेत आले होते.

ढिगांची गोष्ट सांगायला हवी. आमचा जुना बोअर वाळूनं भरून बसला होता, म्हणून आप्पांनी नवा घ्यायला घेतला होता. आप्पा म्हणजे माझे वडील. आता गाडीवरचं मशीन येतं आणि एका दिवसात धुरळा करून जातं. तेव्हा सुपडू मिस्तरी यायचे. तीन पायांचा उंच लोखंडी घोडा उभा करायचा, दोराला जाड लोखंडी नळा बांधायचा, तो वर ओढून खाली सोडायचा. धप्प. पुन्हा ओढायचा. धप्प. नळ्यात जे भरेल ते वर काढून बांधावर ओतायचं. दर दहा फुटाला एक नवा ढीग, एकापुढे एक, सरळ रेषेत. बोअर कुठवर गेला आणि खाली काय आहे, हे मालकानं ढिगांवरून वाचायचं. पहिल्या ढिगाला मायनं हळदकुंकू वाहिलं होतं. सुपडू मिस्तरींचा एकच नियम होता, तो ते दिवसातून दहादा ओरडून सांगत : "वलांडू नका रे! पानी लागस तवलोंग लाइन कोनी वलांडानं नही." त्यामुळे आमची शेळीसुद्धा रेषेच्या टोकाला वळसा घालून चाऱ्याकडे जायची.

तो पंधरवडा आमच्या घरात सुगीचा होता. मिस्तरी आणि त्यांचे दोन गडी जेवायला असायचे. माय पहाटे चूल पेटवायची आणि तिच्या हाताच्या थापांनी आम्ही जागे व्हायचो. दादर ज्वारीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरी, कधी उडीद घालून दळलेल्या कळण्याच्या, उडदाची घट्ट डाळ, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, ज्याच्या वासानं शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून शिंकायची. मग लांबून साखर कारखान्याचा भोंगा, आणि भोंगा थांबला की वावरातून पहिला धप्प. आमचं वावर शाळेच्या मागच्या कुंपणाला लागूनच होतं. दिवसभर वर्गात तो आवाज यायचा. पाढे म्हणताना आम्ही नकळत त्याच्या तालावर म्हणायचो.

तर मी हात वर केला. म्हटलं, "सर, आमच्याकडे असं नाही."

"मग कसं आहे?" पावरा सरांनी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. मी सांगितलं. वर काळी माती, मग पिवळी, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे, मग चिकट तांबूस, मग बारीक वाळू, मग पुन्हा चिकट. अकरा ढीग झाले, एकशेदहा फूट, आणि मुरूम नाही की खडक नाही. वर्ग हसला. दारात मोठे सर उभे होते, ते हसले नाहीत.

"मंग टीव्ही खोटं बोली ऱ्हायना का?"

"टीव्ही नही सर. पन आमना वावरमा दगड नही शे."

"आगाऊ!" मोठे सर म्हणाले. हे माझं बारसं.

यात नुसता शब्दाचा प्रश्न असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण पंधरा दिवसांनी शिक्षण खात्याचे साहेब टीव्हीचा वर्ग बघायला येणार होते. सीडी लागणार, साहेब प्रश्न विचारणार, आणि उत्तर द्यायला मोठ्या सरांनी मलाच नेमलं होतं, कारण माझा आवाज सगळ्यात खणखणीत. आता त्यांना धास्ती पडली. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, खडीसाखर दिली आणि म्हणाले, साहेबांनी विचारलं की सीडीत आहे तेच म्हणायचं. मी खडीसाखर चघळत म्हटलं, पाहिलेलं सोडून न पाहिलेलं कसं म्हणू? त्यांनी उरलेली खडीसाखर डबीत परत ठेवली.

संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले. आप्पांनी चहा पाजला, ऐकून घेतलं, आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "मोठा सर भला मानूस शे. त्यासले कसाले दुखावस तू?" माय भाकरी उलटत म्हणाली, "म्हनी टाक नी बाई, दगड शे म्हनीसन. तोंडमाथीन दगड पडना ते काय दात पडतीन?" सगळे हसले. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा जास्त राग आला. मी आप्पांना विचारलं, "उद्या नळामा दगड उना ते तुम्हले चाली का?" आप्पांनी दोन्ही कानांना हात लावले. कारण खडक लागला की त्या लोखंडी नळ्याचं काही चालायचं नाही, बोअर गेला. त्या पंधरवड्यात अख्ख्या गावात दगड नको म्हणून देवाला विनवणारी माणसं दोनच होती, आप्पा आणि मी. आप्पांना पाणी हवं होतं आणि मला माझं म्हणणं.

मी रोज शाळेआधी ढीग बघायला जायची. बारावा, तेरावा, चौदावा. हातात घेऊन चोळायचं, जिभेला लावून बघायचं. चिकट माती दाताखाली लोण्यासारखी लागते, बारीक वाळू करकरते. हे मला कुठल्या सीडीनं शिकवलेलं नाही. आज मी स्वतः नवापूरकडच्या एका शाळेत शिकवते. भिंतीवर मोठा पडदा आहे, फिल्मा उत्तम आहेत, ज्वालामुखी तर असा फुटतो की पहिल्या बाकावरची पोरं मागे सरकतात. मी फिल्मांच्या विरोधात नाही. पण फिल्म संपली की मी एकच प्रश्न विचारते : तुमच्याकडे असं आहे का? सुरुवातीला पोरं घाबरतात. त्यांना वाटतं, हा फसवायचा प्रश्न आहे.

सतराव्या ढिगाच्या दिवशी दुपारी आम्ही कविता म्हणत होतो. धप्प. धप्प. आणि मग टण्.

वर्ग थांबला. पुन्हा टण्, टण्. मोठे सर ऑफिसातून बाहेर आले, आमच्या खिडकीशी थांबले आणि दोन्ही भुवया उंचावून म्हणाले, "आयकं का, रेखा?" त्यांच्या तोंडावर इतका निखळ आनंद होता की आज मला त्यांची गंमत वाटते. तेव्हा वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, पण तिच्या पोटातही आता खडकच निघाला.

शाळा सुटली तशी मी धावत सुटले. मागून पावरा सर सायकल तशीच हातात धरून कुंपणाच्या फटीतून आले. आप्पा बांधावर डोकं धरून बसले होते. सतराव्या ढिगात काळे दगड होते. लिंबाएवढे, काही पेरूएवढे, ओले, चमकणारे. मी रेषेच्या अलीकडे उभी राहिले. पुढे जायची हिंमत होईना.

सरांनी वळसा घातला, एक दगड उचलला, शर्टाला पुसला आणि तळहातावर फिरवला. मग खाली बसले, दुसरा घेतला, तिसरा घेतला. शेवटी मला म्हणाले, "ये, हात लाव. कोपरा सापडतो का बघ."

कोपरा नव्हता. एकाही दगडाला नव्हता. सगळे गोल, गुळगुळीत.

"खडक फुटला की त्याला धार असते," सर म्हणाले. "हा घासून घासून गोल झालाय. हा इथला नाही. नदीनं आणून टाकलेला गोटा आहे. आमच्या गावच्या ओढ्यात असले पाय ठेवाल तिथे." मग ते थोडे हसले. "हा आमच्याकडचा आहे."

सुपडू मिस्तरींनी दोर सोडला. "म्हंजे तुमना डोंगर आमना वावरमा उना का, सर?"

"एकटा गोटा नाही, काका. ही वाळू, ही पिवळी माती, वरची काळीसुद्धा. नदी-ओढ्यांनी डोंगरातून खाली आणली. किती हजार वर्षं, कोण जाणे. ज्या जमिनीवर तुम्ही ऊस-केळी घेता, ती बरीचशी वरूनच उतरलीय."

हे ते आवाज न चढवता बोलले. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला, आणि तो खडक-मातीचा नव्हता. ज्यांच्या डोंगराची माती आमच्या गावाला चालते, त्यांच्या माणसाला गावात खोली मिळत नाही. मी बारा वर्षांची होते, मला ते नीट मांडता आलं नसतं, पण कळलं मात्र पक्कं. आप्पांनाही काहीतरी कळलं असावं. ते उठले, सरांच्या हातातला गोटा घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "सर, आज जेवाले घर चाला." गोट्यांचा थर तेवढा एक ढीगभर निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा धप्प सुरू झालं. पण त्या संध्याकाळी सर पहिल्यांदा आमच्या घरात, आप्पांच्या शेजारच्या पाटावर जेवले. मायनं त्यांना चौथी भाकरी बळंच वाढली. शेजारच्या म्हातारीनं भिंतीवरून डोकावून पाहिलं. मायनं तिला विचारलं, "काय देखस मावशी, ठेचा दिऊ का?"

सरांच्या मनात आलं, या ढिगांची आपणच फिल्म करावी. गावात शूटिंगचा कॅमेरा एकट्या भटूकडे. भटू माझा चुलतभाऊ, लग्नांची शूटिंग करायचा. तो आला, ढिगांवरून कॅमेरा फिरवला, मी एकेका ढिगाजवळ उभी राहून काय निघालं ते सांगितलं, आणि दोन दिवसांनी तो सीडी घेऊन हजर झाला. वर्गात लावली. आधी सनई वाजली. मग गुलाबी बदामाच्या आकारात पिवळी माती गोल गोल फिरत आली. चुनखडीवर पाकळ्या पडल्या. मी 'चिकट तांबूस माती' म्हणते आहे आणि माझ्या डोक्यावरून दोन कबुतरं उडून जातात. भटूला दुसरं काही येतच नव्हतं. त्याच्या मशीनमध्ये जे होतं ते त्यानं मनापासून घातलं होतं. पोरं हसून हसून बाकावर लोळली, आणि तरी खरं सांगते, थरांचा क्रम त्यातल्या एकाही पोराचा पुढे कधी चुकला नाही.

मोठे सर आले. पडद्याकडे पाहत राहिले. "हाई काय शे? मातीनं लगीन लाई ऱ्हायनात का?" त्यांनी सीडी काढली आणि ऑफिसच्या खणात कोंडली. खडूचा डबा आणायला मी ऑफिसशी गेले तेव्हा आतून त्यांचा आवाज आला. ते पावरा सरांना सांगत होते की पोरीनं साहेबांपुढे उलट उत्तर दिलं तर अहवालात जे लिहायचं ते लिहावंच लागेल, माझाही नाइलाज आहे. मी खडू न घेताच परत फिरले. माझा हट्ट माझ्यापुरता होता तोवर मला त्याचा अभिमान होता. आता तो दुसऱ्याच्या भाकरीवर बसला होता. ती रात्र मी उलटसुलट करत काढली, आणि सकाळी सरांना जाऊन म्हटलं, "मी म्हणते सर. खडक आहे म्हणते."

सर वर्ग झाडत होते. झाडू थांबला. "खडक आहेच, रेखा," ते म्हणाले. "खूप खाली आहे, पण आहे. पुस्तक खोटं नाही. त्यांनी आपलं गाव पाहिलेलं नाही, इतकंच. तू 'नाही' म्हणालीस ते तुझंही चुकलं. पाहिला नाही, असं म्हण." मग पुन्हा झाडायला लागले. "माझ्यासाठी काही म्हणू नको. माझं मी बघेन."

साहेब यायच्या आदल्या दिवशी एकतिसाव्या ढिगाला जाड, स्वच्छ, पाण्यानं निथळणारी वाळू निघाली. सुपडू मिस्तरींनी नारळ फोडला आणि स्वतःच पहिल्यांदा रेष ओलांडली. मग आम्ही सगळ्यांनी, शेळीनंसुद्धा. मोठे सर कुंपणाशी आले, पाणी पाहून खरंच खूश झाले, आणि तरी जाता जाता म्हणालेच, "थांबनात म्हनीसन. आजून खाल जातात ते लागता दगड."

साहेब आले. वीज होती. आमच्या नशिबात नेमकी तेव्हाच असते. गुळगुळीत आवाज, टोपीवाला गडी, टण्. साहेबांनी सीडी थांबवायला लावली आणि विचारलं, "सांगा, मातीच्या खाली काय असतं?" मोठ्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दम नव्हता, विनवणी होती. दम असता तर सोपं गेलं असतं. पावरा सर खिडकीबाहेर बघत होते. मी उभी राहिले.

"साहेब, पुस्तकात मुरूम आणि खडक आहे. आमच्या गावातही खडक असेल, खूप खाली. मी पाहिलेला नाही. जे पाहिलं ते सांगू का?"

साहेबांनी मान हलवली की नुसती मानेवरची माशी झटकली, कोण जाणे. मी सुरू केलं. पहिला ढीग, काळी. दुसरा, काळी. तिसरा, पिवळी. चौथा, पिवळीत चुनखडी. दहाव्यापर्यंत वर्ग ऐकत होता. अकराव्याला मागच्या बाकावरून कोणीतरी माझ्याबरोबर म्हणालं, तेराव्याला चार-पाच जण, आणि सतराव्याला सगळा वर्ग ओरडला, गोटे! एकतीस ढीग आम्ही सुरात म्हटले, जसं कठीण खडक म्हणालो होतो तसंच.

"हे कोणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"मी," पावरा सर म्हणाले. मी त्याच वेळी म्हणाले, "कोणी नाही, आम्ही मोजले."

"मग बरोबर कोणतं? पुस्तक की तुझं?"

"पुस्तकातलं पुस्तकातल्या गावाचं, साहेब. हे आमच्या गावाचं."

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. घड्याळ पाहिलं, चहा घेतला आणि शेरेबुकात लिहून गेले : मुले धीट आहेत, पाठ्यपुस्तकाकडे अधिक लक्ष द्यावे. मोठे सर माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. पण अहवालात त्यांनी पावरा सरांविरुद्ध अक्षर लिहिलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. सरांची नोकरी पक्की झाली, त्यांना खोलीही मिळाली, आमच्याच गोठ्याशेजारची, आणि पुढे त्यांनी आपल्या गावाकडे बदली करून घेतली. जाताना सतराव्या ढिगातला एक गोटा घेऊन गेले. म्हणाले, याला घरी सोडतो.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या सरांचा फोन आला. निवृत्त होऊन ते सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या मूळ गावी राहतात, कान कमी झालेत, म्हणून फोनवर ओरडतात. "रेखा! आंगनमा बोअर कया! लागना दगड!" फोटो पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, फोटो नको, येते. रविवारी एस.टी.नं गेले. अंगणात शिरले आणि पाय जागीच थांबले. मशीनवाल्यांनी उधळून टाकलेली भुकटी म्हाताऱ्यानं खोऱ्यानं गोळा करून कुंपणालगत ढीग लावले होते. सरळ रेषेत, एकापुढे एक. पहिला काळा, दुसरा मुरूम, तिसऱ्यापासून राखाडी भुकटी आणि काळ्या दगडाचे कपरे. मी रेषेला वळसा घालून गेले, एक कपरा उचलला. धार होती. बोटाला लागली.

"मंग?" ते काठीवर वाकून बघत होते. "मी काय सांगी ऱ्हायंतू?"

"शे सर. दगड शे. आते देखा मी," मी त्यांच्या कानाशी ओरडले. "पन तुमना आंगनमा. आमना वावरमा नही."

मग काठी आपटून त्यांनी घरात हाक मारली, चहा टाका म्हणून, आणि वळता वळता म्हणाले, "आगाऊ ती आगाऊच ऱ्हायनी."